मोबाईलच्या निळ्या प्रकाशानं डोळ्याचा पडदा जळत नाही. मग लेकरांचं डोकं का दुखतं?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि गावाकडच्या ग्रुपमधून सात-आठ वेळा आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मोबाईल-टॅबमधून निघणारा निळा प्रकाश डोळ्याचा आतला पडदा जाळतो, हे अमेरिकेतल्या विद्यापीठानं सिद्ध केलंय. डोकं दुखणं ही त्याची पहिली खूण. ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारा) चष्मा घातला की दुखणं थांबतं. नंबरचा चष्मा लावू नका, त्यानं नंबर वाढतो. रात्री डोळ्यांत मध आणि गुलाबपाण्याचे दोन थेंब टाका, डॉक्टरकडे जायची गरज पडणार नाही.

मी परभणीत बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. "सर, लेकराचं डोकं लई दुखायलंय, मोबाईलनं पडदा जळाला का हो?" असं विचारत आई-बाप येतात, तेव्हा आईचे हात थरथरत असतात. लेकराचं दुखणं खरंच असतं. मेसेजनं त्याला जोडलेलं कारण चुकीचं आहे, आणि त्या कारणामागे धावताना खरं कारण हातचं निसटतं.

विद्यापीठाच्या नावापासून सुरू करतो, कारण लोक त्यालाच घाबरतात. २०१८ साली टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध आला होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये रेटिनल नावाचं रसायन मिसळून त्यांच्यावर निळा प्रकाश सोडला, तेव्हा त्या पेशी मेल्या. त्या पेशी जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या नव्हत्या आणि प्रकाशही मोबाईलचा नव्हता. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनं तेव्हाच सांगितलं होतं की, या प्रयोगावरून मोबाईलच्या स्क्रीनसमोर बसणारा माणूस आंधळा होतो असं म्हणता येत नाही. बातमी सगळीकडे फिरली, खुलासा मागे राहिला.

शिवाय निळ्या प्रकाशाचा सगळ्यात मोठा साठा आपल्या डोक्यावर आहे. दिवसभर शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आभाळाचा जेवढा निळा प्रकाश जातो, त्यापुढे मोबाईलचा उजेड किरकोळ आहे. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर उजेड राहिला तर झोप लांबते, एवढी गोष्ट खरी. आणि अपुऱ्या झोपेनं डोकं दुखतं, अर्धशिशी असणाऱ्याचं तर हमखास.

आता ब्लू कट चष्मा. या काचा मीही विकू शकतो आणि विकल्या तर मला चार पैसे जास्त मिळतात, म्हणून हा मुद्दा माझ्याकडून ऐका. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. निदान थोड्या काळासाठी तरी फरक पडत नसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. गिऱ्हाइकानं मागितली तर मी ती काच देतो, पण हे सांगूनच देतो.

पुढचा मुद्दा जरा सविस्तर लिहितो, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य "नंबरचा चष्मा लावू नका" हे आहे.

लातूरला रूम करून नीटची तयारी करणारी सतरा वर्षांची एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती. रोज सहा-सात तास मोबाईलवर लेक्चर. संध्याकाळी पाचनंतर कपाळ आणि भुवया ठणकायच्या, अक्षरं पुसट व्हायची. ब्लू कट चष्मा घेऊन झाला होता, फरक शून्य. तक्त्यावरची शेवटची ओळही तिनं घडाघडा वाचली. घरच्यांचं म्हणणं, "नजर तर चांगली हाय की!" मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांत औषधाचे थेंब टाकून, आतला स्नायू सैल करून तपासल्यावर नंबर सापडला: दोन्ही डोळ्यांना अधिक दोन.

हे कसं होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. जवळचं पाहायला डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागतं, आणि ते काम आतला एक छोटा स्नायू करतो. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर त्याला दोन डायऑप्टरचा (भिंगाच्या ताकदीचं, म्हणजेच नंबरचं माप) जोर लागतो, २५ सेंटिमीटरवर चार. पलंगावर पालथं पडून मोबाईल पाहताना अंतर एवढंच असतं. या मुलीला दूरचं नीट दिसायलाही दोनचा जोर आधीच लागत होता, म्हणजे मोबाईलसाठी सहा. तोही दिवसभर. डोकं दुखणारच. तरुण डोळा हा भार उचलतो, म्हणून तक्ता वाचताना चूक होत नाही आणि दोष लपून राहतो. चष्मा लावल्यावर तो जास्तीचा भार उतरतो. तिची संध्याकाळची डोकेदुखी तीन आठवड्यांत जवळजवळ थांबली. लेक्चर तेवढीच होती, मोबाईलही तोच होता.

चष्म्यानं नंबर वाढतो हा समज कुठून आला, तेही कळतं. वजा (दूरचं पुसट दिसण्याचा) नंबर लागलेल्या मुलांचा नंबर विशीच्या आसपास येईपर्यंत तसाही वाढतो, कारण डोळ्याचा गोळा लांबट होत जातो. चष्मा त्याच वर्षांत लागलेला असतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. लांबलेला गोळा पुन्हा आखूड होत नाही, त्यामुळे मोबाईल काढून घेतल्यावर नंबर "उतरेल" ही आशाही खोटी. पण लागायचा नंबर लांबवता येतो. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर उजेडात ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तिथल्या कमजोर नजरेच्या मुलांचं वाढत चाललेलं प्रमाण खाली वळलं. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी लेकरं बाहेर काढा असं कोण म्हणेल? सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर लिंबाच्या सावलीत खेळली तरी चालतं. सावलीतला उजेडसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

डोळ्यांची आग, खुपणं, चिकटपणा यांचं कारण आणखी वेगळं आहे. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. मोबाईलच्या स्क्रीनकडे एकटक पाहताना हा आकडा निम्म्याच्याही खाली जातो आणि पापणी मिटली तरी अर्धवटच मिटते. बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकतो. त्यात आपली कोरडी हवा आणि तोंडावर सरळ येणारा पंख्याचा झोत. "डोळ्यांतून तर पाणी गळायलंय, मग कोरडे कसे?" हा प्रश्न मला रोज येतो. कोरड्या जागेला टोचलं की डोळा घाईनं पाणी सोडतो, पण त्या पाण्यात थर धरून ठेवणारा तेलकट अंश पुरेसा नसतो, म्हणून ते गालावर ओघळतं. झोत दुसरीकडे वळवा, मोबाईल डोळ्यांच्या रेषेखाली आणि हातभर लांब धरा, मधूनमधून पापण्या पूर्ण मिटा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावं, हा नियम एका अमेरिकी नेत्रतपासनिसानं सांगितलेला आहे. वीसचे आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेत, पण वीस फूट म्हणजे सहा मीटरवर तो स्नायू खरंच सैल पडतो. दहा बाय दहाच्या रूमवर वीस फूट मिळत नाहीत, तेव्हा खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघा.

मध आणि गुलाबपाणी डोळ्यांत टाकू नका. घरातली बाटली निर्जंतुक नसते आणि सुकलेल्या बुबुळाला जंतुसंसर्ग लवकर होतो. त्याहूनही मला धास्ती वाटते ती मेडिकलवरून विचारून आणलेल्या थेंबांची. डोळे लाल झाले की "मागच्या वेळचेच द्या" म्हणून नेलेल्या बाटलीत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लाली एका दिवसात जाते, म्हणून लोक महिनोन्‌महिने टाकत राहतात. आतून डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. अशी पंचविशीतली दोन पोरं मी पाहिलीत, दोघांच्याही घरात मोबाईललाच दोष दिला जात होता.

राहिलं शेवटचं वाक्य, डॉक्टरकडे जायची गरज नाही हे. डोळा अचानक जोरात दुखून दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसू लागली आणि मळमळू लागलं, एका डोळ्याची नजर एकाएकी कमी झाली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा लेकरू रोज पहाटे डोकं दुखून उठतंय आणि उलटी करतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इतर वेळी घाई नाही, पण डोकेदुखी दोन-तीन आठवडे टिकली तर नंबर तपासून घ्या. त्यासाठी शहरातलं मोठं दुकानच लागतं असं नाही. जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग असतो आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांतही नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. केस पेपर काढा, आणि तपासताना "मोबाईल बघून डोकं दुखतं" एवढंच न सांगता किती वाजता दुखतं, कुठं दुखतं आणि मोबाईल किती लांब धरता, तेही सांगा.