किल्ली कुणाकडे आहे?

बेळगावात नवी मोटार घेणाऱ्याच्या हाती शोरूममध्ये प्रथम जी किल्ली दिली जाते, ती पुठ्ठ्याची असते. सोनेरी कागदाने मढवलेली ती हातभर लांब वस्तू घरातल्या सर्वांनी मिळून धरायची, छायाचित्रकाराकडे पाहून हसायचे आणि लगेच परत करायची, कारण पुढचे कुटुंब हार घालून मागे तयारच असते. त्यानंतर खरी किल्ली म्हणून जे हातात पडते, त्याला ना दाते असतात, ना मान. तो काळा गुळगुळीत गोटा उलटसुलट करून पाहत माझ्या आईने ‘‘आणि किल्ली कुठं आहे?’’ असे विचारले, तेव्हा तिथल्या तरुणाने ‘‘आजी, या गाडीला किल्ली लागतच नाही,’’ असे मोठ्या अभिमानाने सांगितले. गाडी घरी आल्यापासून आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द ‘किल्ली’ हाच आहे.

पहिला प्रसंग दक्षिण काशी म्हणवणाऱ्या आमच्या कपिलेश्वर मंदिराबाहेर पूजेच्या वेळीच उद्भवला. भटजींनी रिवाजाप्रमाणे किल्ली ताम्हनात ठेवायला सांगितली, तिला हळदकुंकू वाहिले आणि वर पळीभर पाणी सोडण्याच्या बेतात असताना मी अक्षरशः आडवा पडलो. त्या गडबडीत त्यांचा अंगठा कोणत्या तरी बटणावर जोराने टेकला आणि गाडीची डिकी आपण होऊन उघडली. जमलेल्या मंडळींनी हात जोडले. भटजींनीही प्रसंगावधान राखून, गाडी शुभ आहे, असा निर्वाळा दिला.

वडिलांच्या फियाटच्या वेळी हा प्रकार नव्हता. तिची किल्ली इतकी झिजली होती, की ती आमच्या गाडीचे कुलूप उघडत होती की केवळ कुलपाची समजूत काढत होती, हे सांगणे कठीण होते. शेजारच्या फियाटची किल्लीही तेच काम करीत असे. खडे बाजारात दुसरी किल्ली करायला टाकली, तर कारागीर कानशीने घासून, फुंकर मारून, चहा संपायच्या आत ती हातात ठेवी. याच विश्वासाने माझ्या मेहुण्याने नव्वदच्या दशकानंतर घेतलेल्या आपल्या गाडीचीही तशीच किल्ली करून घेतली. तिने दार उघडले, स्टार्टरही फिरला, इंजिन क्षणभर बोलले आणि गप्प झाले. मूळ किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते आणि तिला स्वतःचा सेल नसतो, हे तेव्हा त्याला कळले. किल्ली खोबणीत घातली, की कुलपाभोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून त्या चिपला वीज मिळते, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते आणि तो पटला तरच इंजिनाला इंधन व ठिणगी मिळते. या इमोबिलायझरची युरोपात १९९८ सालापासून नव्या गाड्यांना सक्ती झाली. एवढ्या एका सुधारणेपुढे मी मनापासून मान तुकवतो. चोराला आणि मेहुण्याला सारखेच वागवणारे यंत्र विरळाच.

पुढचा टप्पा दुरून कुलूप उघडण्याचा. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने १९८२ साली आपल्या फुएगो गाडीत तो आणला. आमच्या शहापुरात तो पोचायला बराच काळ गेला, पण पोचला तो घरातल्या मुलांसाठी खेळणे होऊनच. या रिमोटचे बटण दाबले, की प्रत्येक वेळी नवा संकेत निघतो, म्हणजे आधीचा संकेत कुणी चोरून टिपला तरी त्याचा उपयोग होत नाही. गाडी पुढच्या काही संकेतांपर्यंत चूक पोटात घालते. परंतु निपाणीला आलेल्या भाच्याने गाडीपासून दूर, माडीवर बसून दुपारभर तेच बटण दाबले, तर रिमोट इतका पुढे निघून जातो, की गाडीला त्याची ओळख राहत नाही. मग दोघांची नव्याने सोयरीक जुळवून द्यावी लागते.

आता आमची गाडी याच्याही पुढची. हिची किल्ली खिशातच ठेवायची. दाराच्या मुठीला हात लावला, की गाडी कमी कंप्रतेची हाक मारते, ती जेमतेम दीड मीटर पोचते, किल्ली निराळ्या कंप्रतेवर ओ देते आणि दार उघडते. आत बसून बटण दाबायचे, म्हणजे इंजिन सुरू. किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली, ती बटण दाबण्याचा जाच चुकावा म्हणून. आज तेच बटण आपण जादा पैसे मोजून घेतो. असो. खरी मेख अशी, की किल्ली गाडीच्या आत आहे की बाहेर, याचा निवाडा गाडीत ठिकठिकाणी बसवलेले अँटेना करतात. रेषेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हा प्रश्न आम्हा सीमाभागातल्या लोकांना नवा नाही. आमचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. गाडी मात्र क्षणात निकाल देते आणि तो बहुधा आमच्या विरुद्ध असतो.

या गोट्याच्या पोटात सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. त्या आकड्याचा अर्थ वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड एवढाच. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो, फक्त तो संपायची वेळ दुकान उघडे असण्याची नसते. आमचा संपला तो आषाढातल्या रात्री, टिळकवाडीत, बेळगावचा पाऊस चारी बाजूंनी येत असताना. अशा वेळेसाठी गोट्याच्या पोटात एक लोखंडी पाते दडवलेले असते, म्हणजे किल्ली न लागणाऱ्या गाडीलाही शेवटी किल्लीच लागते. पाते सापडले, पण दाराचे छिद्र मुठीवरच्या टोपणाखाली लपवलेले होते; ते उघडून दार उघडताच गाडी चोर, चोर म्हणून बोंबलू लागली आणि समोरच्या माडीवरचे दिवे लागले. गोटा बटणाला टेकवून धरला, की सेलाविनाही आतली चिप ओळख देते आणि इंजिन सुरू होते, हे माझ्या चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनीवर सांगेपर्यंत खालची आणि वरची गल्ली जमा झाली होती.

तरीही कळस झाला तो निपाणीच्या लग्नाला जाताना. किल्ली सौभाग्यवतींच्या पर्समध्ये होती. वाटेत माहेरी उतरून, आईला घेऊन मागाहून येण्याचे तिने ऐन वेळी ठरवले. ती उतरली आणि तिच्याबरोबर किल्लीही. चालत्या गाडीचे इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, कारण भर वेगात ते बंद पडले तर अपघातच व्हायचा. गाडी फक्त टुकटुक करते. शेजारी बसलेले मामा ‘‘पट्ट्याचं काहीतरी असेल रे,’’ म्हणत हत्तरगी टोल नाक्यापर्यंत आपला पट्टा काढत आणि लावत राहिले. नाक्यापुढे चहासाठी इंजिन बंद केले, ते पुन्हा सुरू होईना. पडद्यावर ‘की नॉट डिटेक्टेड’ एवढीच अक्षरे. ‘‘ढकलून बघूया,’’ असे मामा म्हणाले. पण गाडी ऑटोमॅटिक, ती धक्क्याने सुरू होत नसते. किल्ली कुठे आहे, असे चहावाल्याने कानडीत विचारले, ‘‘कीली एल्लैत्री, सर?’’ माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर मराठीतही नव्हते.

सौभाग्यवती बाजाराच्या गोंगाटात फोन घेत नव्हत्या. घरी विचारले, तर आईने दुसरी किल्ली लॉकरमध्ये ठेवली होती, कारण मेहुण्याने तिला सांगितले होते, की चोर दोन यंत्रे घेऊन येतात, एक घराच्या भिंतीशी आणि एक गाडीशी धरतात, आणि आतल्या किल्लीचा आवाज परस्पर गाडीपर्यंत पोचवतात. यात अतिशयोक्ती नव्हती. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली असे करून दाखवले आहे. धातूचा घट्ट झाकणाचा डबा त्यावर चालला असता, पण घरातले डबे लाडवांना हवेत, अशी आईची भूमिका होती. लॉकर मात्र एक किल्ली बँकेची आणि एक आमची, अशा दोन साध्या लोखंडी किल्ल्यांनी उघडते. त्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार होता.

अखेर सौभाग्यवतींनी फोन उचलला आणि ‘‘अहो, तुम्ही किल्ली न घेता एवढ्या लांब गेलातच कसे?’’ असे विचारले. या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर चहावाल्यासमोर देणे मला प्रशस्त वाटले नाही. सासूबाईंना घेऊन ती संकेश्वरच्या लाल बसमध्ये बसली. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेमुळे महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. कंडक्टरने दोघींची आधार कार्डे पाहिली, शून्य रुपयांची दोन तिकिटे फाडली आणि मोटारीची किल्ली फुकटात हत्तरगीला पोचली. मामांनी तोवर चौथा चहा सांगितला होता.