दोन तासांचं काम, म्हणे

आज सकाळी एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. "तुम्ही नऊला आत आलात, अकराला बाहेर पडलात. मग बिल अर्ध्या दिवसाचं कसं?" सोबत गेटवरच्या कॅमेऱ्याचे दोन फोटो, वेळेसकट. पुरावाच जोडला म्हणा ना! कॅमेरा खोटं बोलत नाही, मान्य. पण त्याला दिसतं गेटच्या आतलं, आणि बागकामाचा निम्मा धंदा गेटच्या बाहेर चालतो.

उत्तर अजून दिलेलं नाही. डोकं तापलेलं असताना गिऱ्हाइकाला उत्तर देऊ नये. म्हणून आधी इथे लिहितोय. इथले बहुतेक जण मातीत हात घालणारेच आहेत, तुम्हाला काही पटवून द्यायला नको.

काम होतं हेजच्या, म्हणजे झुडपांच्या जिवंत कुंपणाच्या छाटणीचं. २० मीटर लांब, दीड मीटर उंच, दोन्ही बाजू आणि माथा. हेज कटर प्रत्यक्ष चालतो तो जेमतेम तासभर. त्याआधी घरटं आहे का ते पानं बाजूला सारून पाहायचं. आतून तार, पाइप किंवा दिव्याची वायर गेली आहे का ते चाचपायचं. दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणायची, कारण नजरेने सरळ वाटणारी हेज दहा पावलं मागे जाऊन पाहिली की मध्ये पोट काढून उभी दिसते. खाली ताडपत्री सरकवत न्यायची. आणि शेवटी माथ्यावर अडकलेले तुकडे हाताने झाडून काढायचे. ते राहिले तर दोन दिवसांत तपकिरी होतात आणि "झाड मरतंय" म्हणून फोन येतो.

कापही साधा नसतो. हेज पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी अरुंद ठेवायची. दीड मीटर उंचीला माथा प्रत्येक बाजूने १० सेंटिमीटर आत असला तरी पुरे. तशी ठेवली की खालच्या पानांना ऊन मिळतं. वर रुंद आणि खाली निमुळती झाली, की वरचा भाग खालच्यावर सावली धरतो, खालची पानं गळतात आणि गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या दिसायला लागतात. मग म्हणणार, काहीतरी खत टाका. अहो, उन्हाची उणीव खताने कशी भरून निघेल? आणि सुचीपर्णी जातीची हेज असेल तर आणखी जपावं लागतं. त्यांतल्या बऱ्याच जाती हिरवा भाग ओलांडून जुन्या तपकिरी लाकडात कापल्या की तिथून पुन्हा फुटतच नाहीत. भोक पडलं ते पडलं.

हे सगळं दोन तासांत आवरलं. कारण कटरला धार होती.

आणि ती धार आली कुठून? गेटच्या बाहेरून! चीक पात्यावर वाळला की घट्ट बसतो. पाती एकमेकींवर घासतात, गरम होतात, मग पानं कापली न जाता चिरडली जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाची कड करपलेली दिसते. म्हणून प्रत्येक कामानंतर ब्रशने घासायचं, चीक काढायचा, तेल द्यायचं. धार लावायची ती सपाट कानशीने, एकाच दिशेने, मूळचा कोन सांभाळून, फक्त तिरक्या कडेवर. सपाट बाजूला हात लावायचा तो शेवटी नुसता कीस, म्हणजे घासताना कडेवर उलटलेला बारीक धातू, काढण्यापुरता. त्याआधी प्लगची वायर काढायची, बॅटरीवरचं यंत्र असेल तर बॅटरी बाहेर. तिथे घाई केली की बोटं जातात. लॉन मोव्हरचं पातं धार लावून झालं की मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली गेली तर तीच बाजू आणखी थोडी घासायची. तोल न पाहता बसवलेलं पातं सगळं यंत्र थरथरवतं आणि पुढेमागे बेअरिंग खातं. मोव्हर आडवा करायचा तो एअर फिल्टर आणि कार्बुरेटर वरच्या बाजूला ठेवून, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि मग अर्धा दिवस पांढरा धूर.

इंधनाचंही तेच. टू-स्ट्रोक यंत्राला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. ५०:१ मिश्रण, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, लागत असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, जुन्या २५:१ वाल्याला ४० मिलिलिटर. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. दोन यंत्रांचे कॅन वेगळे ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरात लिहा. मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त पडून राहिलं तर वापरू नका. यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बुरेटरमधलं संपेपर्यंत चालवा. मोसमाच्या सुरुवातीला "कालपर्यंत तर चालू होतं" म्हणून आणलेल्या यंत्रात बहुतेक वेळा शिळ्या पेट्रोलचा चिकटाच निघतो.

यातलं काय दिसतं त्या कॅमेऱ्यात?

आता कचरा. माथा धरून त्या हेजचं सगळं क्षेत्र ७० चौरस मीटरच्या वर जातं. सरासरी १० सेंटिमीटर उतरवलं, म्हणजे उभ्या मापाने सात घनमीटर हिरवा माल निघाला. पायाने दाबून निम्मा झाला धरा, तरी साडेतीन घनमीटर. तो भरायचा, बांधायचा, न्यायचा, उतरवायचा, गाडी झाडायची. "कचरा तेवढा घेऊन जा हं", असं जाता जाता सांगतात, जणू खिशात घालून न्यायचाय. माझं स्पष्ट मत आहे, कोटेशनमध्ये कचऱ्याची ओळ वेगळी हवी. बागेतच जिरवायचा असेल तर उत्तम, पण नुसता ढीग घालून नाही. ओल्या हिरव्या पाल्याचा नुसता ढीग आतून हवा न मिळून सडतो आणि वास मारतो. आकारमानाने एक भाग हिरवा आणि दोन-तीन भाग सुका पालापाचोळा असे थर द्या, काड्या बोटाएवढ्या तुकड्यांत कापा आणि ढीग अधूनमधून उलथा. हे सगळं आम्हीच करायचं असेल, तर तेही कामच आहे आणि त्याचेही पैसे पडतात.

धंद्यात नव्याने उतरणाऱ्या पोरांसाठी हिशेब सांगतो, कारण सगळ्यात जास्त बुडतात ती तीच. दिवस आठ तासांचा. त्यातले बिलात लावता येतात असे पाचच्या आसपास. बाकीचे जाणं-येणं, सामान भरणं-उतरवणं, धार, दुरुस्ती, रोपं आणणं, फुकट जागा पाहून येणं, फोन आणि थकलेल्या पैशांचा पाठपुरावा यांत जातात. वर्षाचा सगळा खर्च मांडा. इंधन, सुटे भाग, गाडी, विमा, मोजे, कानावरचं संरक्षण आणि यंत्रांचा घसारा. घसारा म्हणजे यंत्राची किंमत भागिले ते जितके तास टिकेल ते तास. त्यात स्वतःची मजुरी मिळवा. हो, स्वतःची मजुरी! उरेल ती आपली, असं नाही, कारण उरत नाही. वर्षाच्या दिवसांतून पावसाचे, आजारपणाचे आणि मंदीचे दिवस वजा करा. आता खर्चाच्या बेरजेला उरलेल्या दिवसांतल्या बिलात लावता येणाऱ्या तासांनी भागा. दिवसाचे आठही तास धरून भागलंत तर दर कमी दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि दोन मोसमांनी मोव्हर मोडला की नवा घ्यायला गल्ल्यात काही नसतं.

आणि एकाच भागातली गिऱ्हाइकं एकाच वारी लावा. दूरचं एक मोठं काम सोडून जवळची तीन छोटी धरली तर हातात जास्त राहतं, असं अनेकदा होतं.

बरं, एक गोष्ट कबूल. काही माळी मुद्दाम तास लांबवतात, चहा आणि फोन धरून. म्हणून लोक घड्याळ लावून बसतात. आणि तासाचा दर सगळीकडेच वाईट असं नाही. वर्षानुवर्षं माजलेली जागा साफ करायची असेल, खाली दगड निघेल की जुनं कुंपण ते माहीत नसेल, तर तासाचाच दर लावावा, फक्त वरची मर्यादा आधी ठरवून. पण माहितीतलं, मोजता येणारं काम असेल तर कामाचा आकडा सांगावा आणि घड्याळाचा विषयच संपवावा. नाहीतर शिक्षा नेमकी कोणाला होते? धार राखणाऱ्याला. बोथट कटर घेऊन आलेला माणूस चार तास घालवतो, पानं चिरडतो, आणि कॅमेऱ्यात तो जास्त कष्टाळू दिसतो!

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या गृहस्थांचंही एका अर्थी बरोबर आहे. त्यांना जे दिसलं त्याचा त्यांनी हिशेब मांडला. छाटलेल्या हेजचा फोटोही त्यांनी सोबत पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "काम मात्र सुंदर." अरे, मग?

पण एका गोष्टीवर राग उतरत नाही. "जाता जाता". जाता जाता तेवढी फांदी उडवा. मनगटापेक्षा जाड फांदी जाता जाता उडत नाही. पहिला काप खालून, खोडापासून ३० सेंटिमीटरवर, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, थोडा पुढे, फांदी पडेपर्यंत. तिसरा उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या लगेच बाहेर. ती कड कापायची नाही, जखम तिथूनच भरते. खुंटही सोडायचा नाही, तो कुजतो. रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. एकाच कापात उडवलीत तर फांदी पडताना खोडाची साल पट्टा सोलल्यासारखी खाली घेऊन येते. आणि फांदी डोक्याच्या वर असेल, शिडीवर चढून चेनसॉ धरावी लागत असेल, तर सरळ नाही म्हणायचं. ते झाडं उतरवणाऱ्यांचं काम आहे, दोराचं आणि शिक्षणाचं. त्या नकाराने गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

हिरवळीचंही असंच. "महिन्यातून एकदा या आणि अगदी बुडापासून कापा, म्हणजे टिकेल." उलट होतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये. ४ सेंटिमीटरची हिरवळ ठेवायची तर ती ६ ची झाली की कापायची. १५ वर गेलेली एकदम ४ वर आणली तर खालचे पिवळे बुंधे उघडे पडतात, मुळं दमतात आणि मोकळ्या जागेत तण घुसतं. निदान चार टप्प्यांत, मध्ये काही दिवस सोडून उतरवावी लागते. म्हणजे फेऱ्या वाढल्या, म्हणजे पैसे वाढले. वाढीच्या दिवसांत फेऱ्या जास्त आणि मंदीत कमी, पण महिन्याची रक्कम सारखी, असा वर्षाचा करार दोघांनाही सोयीचा पडतो.

लावलेल्या रोपांच्या हमीबद्दल एवढंच, की पाणी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. रोप खोल न पुरता, खोड जिथे रुंदावून मुळांना मिळतं ती जागा मातीच्या पातळीवर ठेवली, खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद घेतला, गोल फिरलेली मुळं सोडवली, आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर घातलं आणि ते खोडापासून चार बोटं दूर ठेवलं, इथवर आमचं. त्यानंतर रोज वरवर शिंपडलं आणि मुळं कोरडी राहिली, तर ते आमच्या माथी नको.

तेव्हा कोटेशनच्या कागदावर आधीच लिहून टाका: काय काय करणार, काय नाही, कचरा कोण नेणार, पाऊस आला तर कोणता वार, गेटची किल्ली कोणाकडे, पाण्याचा नळ कुठे, रोपांचे पैसे आगाऊ, बाकीचे किती दिवसांत. ब्रश कटर (फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापणारं यंत्र) चालू असताना १५ मीटरच्या आत माणूस, पोर, गाडी नको, कारण दोरीने उडालेला खडा काच फोडतो आणि डोळाही. आणि घरात कुत्रं असेल तर आम्ही येण्याआधी हिरवळ साफ करून ठेवावी, ही ओळ ठळक अक्षरात. ब्रश कटरची दोरी कशाकशावरून फिरते आणि मग ते कुठवर उडतं, हे ज्यांनी तोंडावर घेतलंय त्यांना जास्त सांगायला नको.