तेल चोळून, बोट ताणून ‘डुपिट्रेन’ सरळ होत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘बोट वाकायला लागलं म्हणजे नस आखडली. रोज गरम तिळाचं तेल चोळा, बोट जोर लावून मागे ताणा. ऑपरेशन करू नका, बोट कायमचं जातं.’ मला स्वतःला डुपिट्रेनचा, म्हणजे बोट हळूहळू तळहाताकडे वाकत जाण्याचा आजार आहे. नमस्कार करताना माझे तळवे नीट जुळत नाहीत, तोंड धुताना करंगळी डोळ्यात जाते. म्हणून हे लिहितोय.

नस आखडलेली नसते. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, तो जाड होतो. आधी गाठ लागते, मग दोरीसारखा पट्टा तयार होऊन बहुतेक वेळा अनामिका किंवा करंगळी आत ओढतो. मूठ वळते, पण बोट उघडत नाही. दोष या पडद्याचा आहे हे लंडनचे सर्जन हेन्री क्लाइन यांनी 1777 मध्ये शवविच्छेदनात पाहिलं होतं. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, त्या पॅरिसच्या सर्जन डुपिट्रेन यांनी 1831 मध्ये तो पडदाच कापून बोट मोकळं केलं. आजार बराचसा आनुवंशिक आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी. पण मधुमेह असणाऱ्यांत आढळतो.

तेलाने कातडी मऊ होईल, पट्टा सैल होणार नाही. ताणून तो लांबतो याला भरवशाचा पुरावा नाही. खरं नुकसान होतं ते वेळेचं. बोटाच्या मुळाचा सांधा उशिरा उपचार करूनही बऱ्यापैकी सुटतो. मधला सांधा मात्र वाकलेला राहिला की ताठरतो आणि मग पूर्ण सरळ होणं अवघड. तळहात टेबलावर सपाट टेकत नसेल, मुळाचा सांधा 30 अंशांच्या आसपास वाकला असेल किंवा मधला वाकू लागला असेल, तर हाताच्या सर्जनला दाखवा. नुसती गाठ असेल तर अनेकदा काहीच करावं लागत नाही.

ऑपरेशनबद्दलच्या भीतीत थोडं तथ्य आहे. आजार परत येऊ शकतो, चेतातंतूला इजा होऊ शकते. सुईने पट्टा तोडला तर हात लवकर कामाला लागतो, पण बोट पुन्हा वाकण्याची शक्यता जास्त. पडदा कापून काढला तर फायदा जास्त टिकतो, जखम भरायला मात्र काही आठवडे जातात. हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान असताना, 1986 मध्ये, हे ऑपरेशन करून घेतलं होतं. बोट गमावण्याची वेळ फार क्वचित येते.

सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे हा मेसेज प्रत्येक वाकड्या बोटाला एकच उपाय सांगतो. बोट अडकून खटकन सुटत असेल तर तो ट्रिगर फिंगर, त्याचा उपचार वेगळा. आणि वाकण्यासोबत हात बधिर असेल, अंगावर न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करा. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि चेतातंतू नुकताच दुखावलेला असेल तर वेळेवरच्या उपचाराने बोटांची ताकद परत येऊ शकते. अशा बधिर हातावर गरम तेल ओतलं, तर भाजलेलं कळतसुद्धा नाही.