खोली क्रमांक २१७ मध्ये कोणीही मेले नव्हते

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात सुमारे साडेसात हजार फुटांवर एस्टेस पार्क हे छोटे गाव आहे. तेथील १९०९ साली सुरू झालेल्या स्टॅन्ली हॉटेलच्या छायाचित्राखाली एक ठरावीक मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. ‘द शायनिंग’ हा भयपट याच हॉटेलात चित्रित झाला, २१७ क्रमांकाच्या खोलीत स्फोटात मेलेल्या मोलकरणीचे भूत वावरते, हॉटेल मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर उभे आहे आणि भीतीपोटी ते हिवाळ्यात बंद ठेवले जाई, अशी चार विधाने त्यात असतात. चारही चुकीची आहेत.

चित्रपटाचे विधान लवकर निकालात काढता येते. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग १९७४ च्या शरद ऋतूत, हंगाम संपून हॉटेल बंद होण्याच्या बेतात असताना, सपत्नीक या हॉटेलात एक रात्र २१७ क्रमांकाच्या खोलीत राहिले आणि तेथे त्यांना ‘द शायनिंग’ ही कादंबरी सुचली, जिच्यावर पुढे चित्रपट निघाला, एवढे खरे आहे. चित्रपटात दिसणारी इमारत मात्र ओरेगन राज्यातील टिंबरलाइन लॉजची आहे आणि आतील दालने इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत उभारलेली होती. गोंधळ होण्यास कारण आहे, कारण याच कादंबरीवरची १९९७ ची दूरचित्रवाणी मालिका खरोखरच स्टॅन्लीत चित्रित झाली, आणि चित्रपट पाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेलने २०१५ मध्ये अंगणात चित्रपटातल्यासारखा झुडपांचा चक्रव्यूहही लावला.

मोलकरणीविषयीचे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात एका कष्टकरी स्त्रीला विनाकारण मारून टाकले आहे. २५ जून १९११ रोजी, गळतीमुळे वायू साठलेल्या त्या खोलीत ती वायूचे दिवे लावण्यासाठी ज्योत घेऊन गेली आणि स्फोट झाला. जमीन फुटून ती खालच्या भोजनगृहात कोसळली आणि तिच्या पायांना गंभीर दुखापत झाली, पण ती वाचली. त्या वेळच्या वृत्तपत्रांनी तिचे नाव निरनिराळे छापले आणि जखमींचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. या विसंगतीचा फायदा घेऊन पुढच्या सांगणाऱ्यांनी अपघाताचा मृत्यू केला आणि मृत्यूचे भूत केले.

दफनभूमीच्या कथेचा उगम तर थेट चित्रपटातील एका संवादात आहे. ते वाक्य तेथील काल्पनिक हॉटेलविषयी आहे आणि किंग यांच्या कादंबरीत त्याचा मागमूसही नाही. या बनावट कथेमुळे खरा इतिहास झाकला जातो, ही त्यातली गंभीर बाब आहे. एस्टेस पार्कच्या खोऱ्यात यूट आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात शिकारीला येत असत. एकोणिसाव्या शतकात त्यांना या भागातून हुसकावण्यात आले. १८७० च्या दशकात डनरेव्हन या परदेशी उमरावाने दुसऱ्यांच्या नावे खोटे दावे दाखल करून खोऱ्यातील हजारो एकर जमीन बळकावली आणि पुढे तीच जमीन हॉटेल बांधणाऱ्या स्टॅन्ली यांच्याकडे आली. १९१४ मध्ये वायोमिंगमधील राखीव प्रदेशातून दोन वृद्ध अरापाहोंना येथे बोलावण्यात आले. त्यांनी घोड्यावरून डोंगर फिरून जागोजागची मूळ नावे सांगितली आणि त्यांतली काही आजही नकाशावर आहेत. या लोकांविषयी सांगायचेच असेल, तर सिनेमातल्या थडग्यांऐवजी हे सांगावे.

उरला हिवाळा. फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली आणि त्यांचा जुळा भाऊ यांनी छायाचित्रणाच्या कोरड्या काचपट्ट्या बनवून पैसा मिळवला आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. १९०३ मध्ये क्षयाने खंगलेले फ्रीलन कोरड्या हवेसाठी एस्टेस पार्कला आले, त्यांची प्रकृती सुधारली आणि ते दर उन्हाळ्यात येऊ लागले. हॉटेल त्यांनी बांधले ते उन्हाळी पाहुण्यांसाठीच, म्हणून मुख्य इमारतीत खोल्या उबदार ठेवण्याची यंत्रणा बसवलीच नाही. ती येईपर्यंत अनेक दशके गेली आणि तोवर बर्फाच्या महिन्यांत दारे बंद राहिली. रेल्वे गावापर्यंत येत नव्हती, त्यामुळे पायथ्याच्या स्थानकांवरून पाहुण्यांना वर आणण्यासाठी स्टॅन्लींनी आपल्याच कारखान्यातल्या मोठ्या वाफगाड्या लावल्या. दिव्यांना आणि स्वयंपाकघराला वीज हवी म्हणून त्यांनी फॉल नदीवर जलविद्युत केंद्र उभारले. त्याच विजेने गावातील घरांत पहिले विजेचे दिवे लागले. स्टॅन्ली १९४० साली, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. ते वीजकेंद्र गावाने जतन केले असून हॉटेल पाहायला जाणाऱ्याला तेही पाहता येते.