खुलासा : अवयव पडले नाहीत, तरी मुळे असू शकतात

रत्नागिरी-मालवणकडच्या दहावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मधलं पद फोडता आलं नाही, तर वर्गसमीकरणाला मुळे नाहीत. तसं लिहा आणि पुढे जा.’ कृपया असं लिहू नका, हक्काचे गुण जातील. (मुळे म्हणजे क्षच्या ज्या किमतींनी समीकरण खरं ठरतं त्या.)

क्ष² + ७क्ष + १२ मध्ये गुणाकार १२ आणि बेरीज ७ देणारे ३ आणि ४ सापडतात, म्हणून मधलं पद ३क्ष + ४क्ष असं फुटतं आणि अवयव पडतात : (क्ष + ३)(क्ष + ४). असे पूर्णांक प्रत्येक वेळी सापडतीलच असं नाही.

माडांची एक वाडी घ्या, जेमतेम गुंठाभर. लांबी रुंदीपेक्षा २ मीटर जास्त, क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. रुंदी क्ष मानली की क्ष² + २क्ष − १०० = ०. गुणाकार −१०० आणि बेरीज २ देणारे पूर्णांक नाहीतच, कितीही जोड्या लावा. पण वाडी तर आहे ना! सूत्र पद्धतीने क्ष = −१ ± √१०१. ऋण किंमत सोडली की रुंदी सुमारे ९.०५ मीटर, लांबी ११.०५.

वास्तव मुळे नाहीत असं केव्हा म्हणायचं, ते विवेचक ठरवतो : ब² − ४अक (अ हा क्ष² चा सहगुणक, ब हा क्ष चा, क ही सुटी संख्या) ऋण आला तरच. क्ष² + २क्ष + ५ = ० मध्ये तो −१६ येतो. आधी तो काढा.