दोन हजार मीटर रेशीम

लाल शिडांचं जहाज, त्याच्याकडे पाण्यात धावत सुटलेली मुलगी आणि खाली ओळ: ‘वाट पाहा, तुमचंही जहाज येईल.’ अलेक्सांद्र प्तुश्कोच्या ‘आलिये पारुसा’ (‘लाल शिडं’) या 1961 च्या रशियन सिनेमातलं हे चित्र असल्याच ओळीसकट फिरत असतं. ओळ गोड आहे, नाही म्हणत नाही. पण सिनेमा आणि त्यामागची अलेक्सांद्र ग्रीनची 1923 ची कादंबरिका नीट पाहिली, तर वाट पाहण्याइतकीच जागा त्यात कापडखरेदी, शिवणकाम आणि माणसं गोळा करण्याला आहे. माझ्या मते तोच भाग सगळ्यात रोमँटिक आहे.

आधी भविष्यवाणीचा हिशेब लावू. कापेर्ना गावातला लाँग्रेन हा जुना खलाशी. बायको गेल्यावर तो बोटी सोडून खेळण्यातली जहाजं करून विकतो. आठ वर्षांची आसोल ती खेळणी शहरात पोचवायला निघते. वाटेत लाल रेशमी शिडांची एक होडी ओढ्यात सोडते, होडी वाहून जाते आणि एग्लच्या हाती लागते. हा एग्ल गाणी आणि दंतकथा गोळा करत हिंडणारा म्हातारा. मोठी झालीस की लाल शिडांच्या जहाजातून राजपुत्र येईल, असं तो तिला सांगतो. त्याला भविष्यबिविष्य काही कळत नाही, गोष्टी सांगणं हा त्याचा धंदाच.

पोरगी घरी येऊन बापाला सांगते. लाँग्रेन विचार करतो, पुढे मळकी शिडं आयुष्यभर बघायचीच आहेत, आत्ताच कशाला खेळणं हिसकावा? तो होकार भरतो. हे बोलणं कुंपणाबाहेर बसलेला भिकारी ऐकतो. लाँग्रेननं तंबाखू दिली नाही म्हणून तो आधीच चिडलेला, तडक खानावळीत जाऊन सगळं सांगून टाकतो. झालं, आसोल गावाची चेष्टा बनते. पुढे कॅप्टन ग्रेला ती गवतात झोपलेली दिसते, तो तिच्या बोटात हळूच अंगठी सरकवतो आणि ही कोण म्हणून चौकशी करायला त्याच खानावळीत जातो. तिथे त्याला ही गोष्ट कळते ती टिंगल म्हणूनच. भिकाऱ्यानं चुगली केली नसती, गावानं ती इतकी वर्षं चघळली नसती, तर ग्रेला कोणत्या रंगाची शिडं लावायची हे समजलंच नसतं. ग्रीननं दैवाचं काम गावच्या कुचाळक्यांकडून करून घेतलंय. रचनेतली ही चलाखी सिनेमाच्या चकचकाटात नजरेतून निसटते.

ती गोष्ट खरी करून दाखवायचं ग्रे ठरवतो. त्याची खरेदी ज्या प्रकरणात आहे त्याचं नाव ‘युद्धाची तयारी’, आणि तयारी तशीच चालते. जहाज तीन डोलकाठ्यांचं, 260 टनी. ग्रे तीन दुकानं फिरतो. पहिल्या दोन दुकानांतले लाल त्याला भडक आणि बाजारू वाटतात. तिसऱ्यात हवा तो मिळतो: पहाटेचा निर्भेळ लाल, ज्यात आगीची झाक नाही, खसखशीच्या फुलाची नाही, जांभळ्याचा अंशही नाही. मग तो दोन हजार मीटर मागतो आणि दुकानदाराची बोबडी वळते.

हा आकडा हवेतला आहे का? रेशमाचा पन्हा पाऊण मीटर धरला तर 1500 चौरस मीटर कापड होतं. एवढ्या जहाजाची शिडं हजार चौरस मीटरच्या आत बसतात. उरलेलं कापड वाया जातं असं नाही. दोन पट्टे जोडताना कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, कोपऱ्यांना दुहेरी-तिहेरी ठिगळ लागतं, कडेनं दोर शिवायचा म्हणून दुमड लागते, तिरक्या कापात तुकडे जातात. ग्रीन तरुणपणी ओडेसात खलाशी होता. फार काळ नाही, पण हिशेबात डोकावतं.

आता गोम. रेशीम हे शिडाचं कापड नाही. जहाजाला लागतं जाड, दणकट कॅनव्हास. रेशमाचा धागा ताणाला चिवट असतो हे खरं, पण पातळ विणीत शिवणीची भोकं फाकतात आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. कापड सुईखाली सरकतं, कापलेल्या कडेचे धागे सुटतात, उन्हानं ते कुजतं, खाऱ्या पाण्यानं कच्चा रंग सुटतो. वादळात अशी शिडं तासभरही टिकणार नाहीत. म्हणून ग्रे काय करतो? जहाज समुद्रावरून हलवून नदीच्या मुखातून आत, शांत पाण्यात नेऊन ठेवतो आणि तिथे शिडं बदलून घेतो. त्याचा सहकारी पांतेन याला वाटतं, मालक रेशमाची तस्करी करणार! शिवाय ग्रे रस्त्यावरच्या एका वादकाला गाठून त्याच्याकरवी वाद्यवृंद जमवतो. तिकडे खेळण्यांचा धंदा बसल्यामुळे लाँग्रेन टपालाच्या बोटीवर कामाला गेलाय आणि आसोल एकटी आहे. तीही नुसती खिडकीत बसलेली नाही. खेळणी घेऊन दुकानं पालथी घालून, नकार ऐकून ती परत आलेली असते.

प्तुश्कोकडे येऊ. 1935 च्या ‘नवा गलिव्हर’मध्ये त्यानं बाहुल्यांची फौज उभी केली होती, आणि 1946 च्या ‘पाषाणपुष्प’ला कान महोत्सवात रंगांसाठी पारितोषिक मिळालं. कॅमेऱ्याच्या चलाखीत तो उस्तादच होता. मनात आणलं असतं तर छोट्या प्रतिकृतीवर भागवता आलं असतं. पण पाणी लहान करता येत नाही, तिथे सगळं घोडं अडतं. जहाज सोळाव्या हिश्श्याचं केलं तरी थेंब तेवढाच राहतो. हालचाल भारदस्त दिसावी म्हणून कॅमेरा चौपट वेगानं, सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी, पळवावा लागतो, आणि तरीही फेस दगा देतोच. शेवटच्या प्रसंगासाठी ‘अल्फा’ नावाचं खरं प्रशिक्षण जहाज घेतलं आणि त्यावर खरी लाल शिडं चढवली. वाऱ्यानं कापड फुगतं, सैल पडतं, पुन्हा फुगतं. हे वजन नकली आणता येत नाही. रेशमासारखं पातळ कापड समोरून उजेड पडला की सपाट दिसतं. सूर्य मागे असला की आतून पेटल्यासारखं होतं. जहाज वळतं तेव्हा एकाच शिडाचा रंग बदलतो, तो पाहा.

आसोल म्हणजे अनास्तासिया वेर्तिन्स्काया, चित्रीकरणाच्या वेळी अवघी पंधरा-सोळा वर्षांची. पडद्यावरचा आवाज मात्र तिचा नाही, नीना गुल्यायेवाचा आहे. ग्रे झालेला वासिली लानोवोय देखणा आहे, जरा जास्तच. मला तो कादंबरिकेतल्या हट्टी, विचित्र ग्रेपेक्षा सरळ आणि म्हणून फिका वाटतो. पुस्तकातला लहानगा ग्रे भिंतीवरच्या चित्रातल्या येशूच्या हातांचे खिळे रंगानं बुजवून टाकतो, कारण त्याला ते बघवत नाहीत. मोठेपणी त्यानं रेशीम विकत घेणं तिथूनच येतं. गावकरीही सिनेमात फार ठळक रंगवलेत, वाईट माणूस लांबूनच ओळखू येतो. लाँग्रेन मात्र इवान पेरेवेर्झेवनं उत्तम सांभाळलाय.

‘लाल’ म्हणजे सोव्हिएत झेंडा, असा शॉर्टकट घेणारेही भेटतात. ग्रीननं सुरुवातीच्या टिपणांतच लिहून ठेवलंय की लाल रंगाच्या आपल्या आवडीतून त्याचा राजकीय अर्थ वगळावा. ही गोष्ट त्यानं पेत्रोग्रादमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग), टायफसमधून उठल्यावर, उपासमारीच्या दिवसांत लिहिली. गॉर्कीच्या मदतीनं शिधा आणि खोली मिळाली होती. कल्पना सुचली ती दुकानाच्या काचेमागच्या खेळण्यातल्या होडीवरून. तिचं शीड होतं पांढरं. 1932 मध्ये क्रिमियातल्या स्तारी क्रिममध्ये तो गरिबीतच वारला. 1950 च्या सुमारास त्याच्यावर परदेशी वळणाचा म्हणून टीकेची झोड उठली, 1956 पासून पुस्तकं पुन्हा छापली जाऊ लागली. सिनेमा त्यानंतर पाच वर्षांनी आला आणि दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

1968 पासून त्याच शहरात, तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी नेवा नदीत लाल शिडांचं जहाज आणायची प्रथा पडली. मधे ती बंद होती, 2005 पासून पुन्हा सुरू झाली. अरुंद पात्रात, पुलांच्या मधे जहाज चालतं ते इंजिनावरच, शिडं शोभेची. ग्रेला ते आवडलं असतं असं मला वाटतं. तोही वाऱ्याच्या भरवशावर बसणारा नव्हता.

सिनेमा दीड तासाच्या आतबाहेर आहे, तो काढणाऱ्या मॉसफिल्म स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर मिळतो. पण आधी कादंबरिका वाचा, निदान पाचवं प्रकरण तरी. आणि ते चित्र पुढच्या वेळी शेअर कराल तेव्हा ओळीत ‘वाट पाहा’च्या जागी ‘पन्हा मोजून घ्या’ लिहिलंत तरी चालेल.