बापाने दिलं, ते कागद करूनच दिलं

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येतं. वसाहतकाळात मळेवाल्या घराण्यांत सगळं थोरल्या मुलाला जायचं, बायकांच्या नावावर काडीही नसायची आणि मुलींना दिलेली बक्षीसपत्रं म्हणजे निव्वळ मायेचे घरगुती कागद. मग शेवटचा टोला: गुलामगिरी हा पुरुषांचा कारभार, बायकांना त्यात ओढू नका. व्हर्जिनिया या वसाहतीपुरतं बोलायचं तर यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

थोरल्या मुलाचं आधी बघू. तसा नियम होता खरा, आणि तो रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये झाला. पण मृत्युपत्र न करता माणूस गेला तरच तो लागू व्हायचा. जॉर्ज वॉशिंग्टनचे वडील १७४३ मध्ये वारले, ते लिहून ठेवूनच. पुढे माउंट व्हर्नन म्हणून गाजलेला मळा थोरल्या लॉरेन्सला मिळाला आणि वेस्टमोरलंडची जमीन दुसऱ्या मुलाला. अकरा वर्षांच्या जॉर्जलासुद्धा एक शेत आणि दहा गुलाम मिळाले. बहीण बेटी हिच्या वाट्यालाही गुलाम मुलं होती.

बक्षीसपत्र घरगुती कागद? मग व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला १७५८ मध्ये त्यावर कायदा का करावा लागला? बाप तोंडी ‘दिलं’ म्हणायचा, गुलाम जावयाच्या घरी राबायचे, आणि सावकार वसुलीला आला की मालक नक्की कोण यावर कोर्टात जुंपायची. म्हणून ठरलं की गुलामाचं दान करायचं तर मृत्युपत्राने, नाहीतर साक्षीदारांसह लेखी आणि कोर्टात नोंदवून. कागदात प्रेमापोटी, आपुलकीपोटी असं असायचंच. आपल्याकडच्या बक्षीसपत्रातही असतं. त्यापुढची ओळ मात्र वाचायला हवी. गुलाम मुलगी दान दिली असेल तर ‘तिला पुढे होणाऱ्या संततीसह’. मूल आईच्या स्थितीत जन्मतं, हा व्हर्जिनियाचा कायदा १६६२ चा. म्हणजे लेकीला दिलेली एक पोर ही तिच्या नातवंडांचीही तरतूद.

लग्नानंतर बायकोची चीजवस्तू नवऱ्याची होई, हे मान्य. पण म्हणूनच तर हुशार बाप लग्नाआधी करार करून घ्यायचे. १७४६ मध्ये मार्था एप्सचं लग्न जॉन वेल्सशी झालं. करारानुसार एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची गुलाम मुलगी तिच्यासोबत वेल्सच्या घरी आली, पण वारसा मार्थाच्या पोटच्या मुलांचाच. मार्थाची लेक पुढे थॉमस जेफर्सनची (नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) बायको झाली. वेल्स १७७३ मध्ये वारल्यावर हेमिंग्ज कुटुंब जेफर्सनच्या माँटिसेलो या मळ्यावर गेलं.

एलिझाबेथची मुलगी मेरी. शार्लट्सव्हिलच्या थॉमस बेल या व्यापाऱ्याने १७९२ मध्ये तिला आणि तिला त्याच्यापासून झालेल्या दोन मुलांना जेफर्सनकडून विकत घेतलं. मोठी मुलं जोसेफ आणि बेट्सी माँटिसेलोवरच राहिली. १७९७ मध्ये जेफर्सनची मुलगी मरायाचं लग्न झालं, तेव्हा चौदा वर्षांची बेट्सी आहेरात गेली. एलिझाबेथची नात, मार्था एप्सच्या नातीला. आजीपासून नातीपर्यंत माणसं बायकांच्या हक्कानेच सरकत गेली, आणि म्हणे नावावर काडी नाही!

जॉर्ज वॉशिंग्टनची बायको मार्था हिचं उदाहरण तर अख्खं विधानच उलटं करतं. तिचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच गेला. विधवेचा एक तृतीयांश हिस्सा तिला हयातभर मिळाला आणि त्यातल्या गुलामांसकट ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी आली. तोवर वसाहती जाऊन देश झाला, रीत तीच. १७९६ मध्ये मार्थाने ओना जज या गुलाम तरुणीला आपली नात एलायझा हिला द्यायचं ठरवलं. ओनाला बेत कळला. मे महिन्यात फिलाडेल्फियात घरची मंडळी जेवायला बसली असताना ती निघून गेली ती थेट न्यू हॅम्पशायरला. वर्तमानपत्रात तिच्यासाठी दहा डॉलरच्या इनामाची जाहिरात आली. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याने ती कस्टिस वारसांची मालमत्ताच होती. घरगुती कागद!

राहिलं नवऱ्याच्या सर्वाधिकाराचं. १७९९ च्या यादीत, पुढे जॉर्जकडे आलेल्या माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यातले स्वतःचे तेवढे वॉशिंग्टनने मृत्युपत्रातून मुक्त केले. मार्थाच्या हिश्शातले १५३ मात्र त्याला सोडता येईनात, कारण ते त्याचे नव्हतेच. दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झालेली, त्यामुळे एकाच घरात कुणी मोकळा झाला, कुणी नाही. १८०२ मध्ये मार्था गेली आणि हिश्शातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. त्या चौघांपैकी तिघी मुली होत्या.